समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत संस्थेच्या सभागृहात दिलेले व्याख्यान. रहिवाशांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी शब्दांकित.)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांच्या मनातला विषय होता 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक'. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार! पण मी सचिवांना म्हटलं, मुदतठेवीचे व्याजदर तुम्हाला मोबाईलवर माझ्या आधी कळतात. मला दुसऱ्याच एका विषयावर बोलू द्या. विषय ऐकून ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "काका, बोला. गरज आहे."

विषय असा, की मन थाऱ्यावर नसताना खासगी समुपदेशकाकडे जायचं ठरवलं, तर जाण्यापूर्वी काय माहीत असावं. मी काही मानसशास्त्राचा माणूस नाही. मी त्या खोलीत समोरच्या खुर्चीवर बसलेला माणूस आहे. पाच वर्षांपूर्वी आमची सौ. गेली. बी विंगमधल्या काकू म्हणून तुम्ही बहुतेक जण तिला ओळखत होता. त्यानंतर माझी झोप उडाली, जेवणावरची वासना गेली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी थायरॉईड, साखर, बी-१२ सगळं तपासून घेतलं. रिपोर्ट व्यवस्थित आले. तेव्हा ते म्हणाले, "काका, तुम्हाला नुसत्या गोळ्यांची नाही, बोलण्याची गरज आहे, आणि ते ऐकायला लागणारा वेळ आणि शिक्षण माझ्याकडे नाही." मग मी समुपदेशकाकडे गेलो. अकरा वेळा गेलो. आज तुमच्यासमोर उभा राहून बोलतोय, हा त्याचा हिशेब समजा.

ही गोष्ट मी लपवली नाही. त्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याच संस्थेतले काही जण मला एकेकटे येऊन भेटले. प्रत्येकाने सुरुवात एकच केली, "एका ओळखीच्यांसाठी विचारतोय." त्यांची विंग मी सांगणार नाही, पण त्यांचे प्रश्न सांगतो. कारण ते सगळ्यांचेच प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न: जायचं नेमकं कुणाकडे? पाट्या तर ढीगभर दिसतात.

इथे तीन माणसं वेगळी ओळखायला हवीत. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एमडी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषध लिहून देऊ शकतात. दुसरे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. यांचं एम.फिल.सारखं विशेष प्रशिक्षण झालेलं असतं आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आलेली आहे. हे लोक चाचण्या घेतात, बोलण्यातून उपचार करतात, पण गोळ्या लिहून देत नाहीत. तिसरे समुपदेशक, काउन्सेलर. यात मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेले उत्तम लोक आहेत, आणि दोन शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. अडचण अशी, की पाटीवर दोघांचाही शब्द एकच.

या क्षेत्राला शिस्त लावण्यासाठी २०२१ साली संसदेने एक कायदा केला. त्यात समुपदेशकांसारख्या व्यवसायांच्या नोंदणीची तरतूद आहे. पण त्याची घडी पूर्ण बसेपर्यंत विचारणं आपल्याच हातात आहे. बँकेत आम्ही कुणाचं खातं उघडताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो मागायचो. कुणाला त्यात अपमान वाटायचा नाही. इथे उलट्या बाजूने तेच करायचं. आपण ग्राहक आहोत. "आपलं शिक्षण कुठलं? नोंदणी आहे का? माझ्यासारख्या अडचणीचा किती अनुभव आहे?" हे फोनवर सरळ विचारायचं. चांगला समुपदेशक याचं उत्तर आनंदाने देतो. जो चिडतो, त्याने आपलं काम सोपं केलं असं समजा.

आणि भाषा विचारा. आपल्याला रडू कुठल्या भाषेत येतं, ते महत्त्वाचं. "मला अपराधी वाटतं" आणि "आय फील गिल्टी" यांत आमच्या पिढीला तरी फार अंतर आहे. आपल्या मुलामुलींचं कदाचित उलट असेल. ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरा प्रश्न पैशांचा. तो विचारताना लोक आवाज खाली आणतात. का, ते मला कळत नाही. सुताराला आपण आधी विचारतो, प्लंबरला विचारतो. इथेही विचारा. एका बैठकीचे किती? बैठक किती मिनिटांची? साधारण पंचेचाळीस मिनिटं ते तास असतो. आयत्या वेळी रद्द केली तर पैसे लागतात का? बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी कळवलं नाही तर लागतात, आणि ते रास्त आहे, कारण ती वेळ त्यांनी तुमच्यासाठी राखलेली असते. ऑनलाइन बैठक चालेल का? दोन बैठकांच्या मधे फार त्रास झाला तर फोन करता येतो का?

मग घरी बसून कागदावर मांडा. समजा हजार रुपये फी आहे आणि आठवड्याला एकदा जायचंय. तीन महिन्यांचे झाले बारा हजार. झेपेल ना? नसेल झेपत तर पहिल्याच भेटीत सांगा. पंधरा दिवसांनी एकदा ठेवता येतं, आणि काही जण गरजूंना फी कमीही करतात. मधेच पैशापायी थांबण्यापेक्षा आधी बोललेलं बरं. आणखी एक बँकवाल्याचा सल्ला, दहा बैठकांचे पैसे एकदम आगाऊ भरा म्हणणाऱ्यांपासून जरा जपून. विम्याचंही सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. पण आपल्या बहुतेक पॉलिस्या रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या असतात. बाहेरच्या बाहेर घेतलेल्या समुपदेशनाची फी त्यातून मिळेल असं धरून चालू नका. पॉलिसीचा कागद वाचा.

ज्यांना खासगी परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. शिवाय केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं.

तिसरा प्रश्न, आणि खरं तर हाच सगळ्यांचा पहिला असतो: बाहेर कुणाला कळणार नाही ना?

आमच्या पिढीत चेष्टेत म्हणायचे, "याला ठाण्याला पाठवा." पुण्याकडचे येरवडा म्हणायचे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली ही चेष्टा आपण करतोय. तिचा परिणाम असा, की पोटात दुखलं तर माणूस जिन्यात भेटेल त्याला सांगतो, पण मनात दुखलं तर तो रिक्षा दोन चौक अलीकडे सोडतो.

तर गोपनीयतेचं असं आहे. बँकेत खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही, हा आमचा पहिला धडा. समुपदेशकाचाही तोच. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. पण बँकेत जसं कोर्टाचा हुकूम आला की माहिती द्यावी लागते, तसे इथेही अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसत असेल तर तो टाळण्यापुरतं संबंधितांना सांगावं लागतं. न्यायालयाचा आदेश आला तर द्यावं लागतं. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे अपवाद समुपदेशकाने पहिल्याच भेटीत सांगायला हवेत. नाही सांगितले तर तुम्ही विचारा. माझ्या नोंदी कुठे ठेवता, कोण बघतं, हेही विचारा.

आता इथे बसलेल्या आईवडिलांसाठी एक गोष्ट. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तुमची संमती लागते, ते बरोबर. पण फी तुम्ही भरली म्हणून बैठकीतला शब्दन् शब्द तुम्हाला कळलाच पाहिजे, असं होत नाही. मूल बाहेर आलं की लगेच "काय विचारलं? आमच्याबद्दल काय सांगितलंस?" असं सुरू झालं, तर पुढच्या वेळी ते आत जाऊनही गप्प बसेल. मोठ्या मुलांचंही तेच, नवराबायकोचंही तेच. परत आल्यावर विचारायचं ते एवढंच, "चहा टाकू का?"

चौथा प्रश्न: आत गेल्यावर होतं काय?

पहिल्या भेटीत बराच वेळ तेच विचारतात. झोप, भूक, घरी कोण कोण, पूर्वीचे आजार, चालू औषधं, दारू-तंबाखू, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. एखादा फॉर्म भरून घेतात, सही घेतात. वाचून सही करा, हे मी नाही सांगायचं तर कुणी! चालू गोळ्यांची यादी घेऊन जा. आणि आपल्याला यातून काय हवंय, ते एका वाक्यात लिहून न्या. मी लिहिलं होतं, "रात्री झोप लागावी आणि तिचं कपाट उघडता यावं." त्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "छान, आपल्याला कुठे जायचंय ते ठरलं."

मात्र एक गैरसमज काढून टाका. समुपदेशक म्हणजे सल्लागार नव्हे. "मुलाकडे अमेरिकेत जाऊ की इथेच राहू?" याचं उत्तर ते देणार नाहीत. घटस्फोट घे किंवा घेऊ नको, असंही सांगणार नाहीत. आपल्याला सवय असते वडीलधाऱ्यांनी निकाल देण्याची, त्यामुळे सुरुवातीला वाटतं, पैसे घेतात आणि उलट आपल्यालाच विचारतात! पण ते विचारतात म्हणूनच आपण विचार करतो. मधे मधे शांतता होते. ती भरून काढायची घाई करू नका. रडू आलं तर येऊ द्या. पुरुषांनाही येतं.

काम करण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. तुमच्यावर कुठली वापरणार, हे साध्या शब्दांत समजावून सांगा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऐकलेली एक पद्धत म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती १९५५ च्या सुमारास मांडली. महाराष्ट्रात ती लोकांपर्यंत नेण्यात ठाण्याच्या आयपीएच या, १९९० साली सुरू झालेल्या संस्थेचा आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांचा मोठा वाटा आहे. तिचा गाभा असा, की नुसत्या घटनेने आपण कोसळत नाही, त्या घटनेबद्दल आपण मनाशी जे बोलतो त्याने कोसळतो. "ती गेली" हे दुःख आहे. ते राहणारच. पण "ती गेली, आता मी हसलो तर ती बेइमानी" हे मी स्वतः जोडलेलं कलम होतं. ते सापडायला मला चार बैठका लागल्या.

घरचा अभ्यासही देतात. मला रोजचे विचार वहीत लिहायला सांगितले होते. मी खतावणीसारखे दोन रकाने पाडले, डावीकडे काय झालं, उजवीकडे मी मनाशी काय म्हणालो. तेव्हा लक्षात आलं, की बैठक आठवड्यात एक तास असते आणि उरलेले एकशे सदुसष्ट तास आपले आपल्यालाच काढायचे असतात. समुपदेशन हे तिथे बसून करून घ्यायचं काम नाही, अर्धं आपण करायचं असतं.

दोन बैठकांनंतर आधीपेक्षा जास्त अस्वस्थ वाटलं तरी घाबरू नका. बंद खोली झाडायला घेतली की आधी धूळ उडतेच. ते पुढच्या बैठकीत सांगा. चार-पाच बैठका झाल्या की दोघांनी मिळून आढावा घ्या, फरक पडतोय का. आणि काहीच जुळत नसेल तर बदला. मी स्वतः आधी ज्यांच्याकडे गेलो ते गृहस्थ बैठक चालू असताना फोन घ्यायचे. दोन वेळा पाहिलं, तिसऱ्या वेळी कळवून टाकलं की येणार नाही, आणि दुसरीकडे गेलो. म्हणून समुपदेशन वाईट ठरत नाही. एका दुकानात चप्पल चावली म्हणून आपण अनवाणी फिरत नाही.

काही गोष्टी मात्र दिसल्या तर थांबूच नका, उठा. समुपदेशक आपलीच दुःखं सांगत बसला, उसने पैसे मागू लागला, बाहेर भेटू म्हणाला, अंगचटीला आला, खडे किंवा कसलीशी पूड विकू लागला, "शंभर टक्के बरं करतो" असं छातीठोक सांगू लागला, किंवा डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा म्हणाला. तसंच आपल्या नात्यातल्या किंवा रोजच्या उठबशीतल्या माणसाकडे समुपदेशनाला जाऊ नये. ते चांगले असतील, पण संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसापाशी मन मोकळं होत नाही.

पाचवा प्रश्न: बोलून भागतं, की गोळ्याही लागतात?

कधी एक, कधी दुसरं, कधी दोन्ही. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल, कानात आवाज येत असतील, दिवसचे दिवस जेवण-झोप बंद असेल, तर समुपदेशकाच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठायचा, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. असं बोलणाऱ्याला "असले विचार येतात का?" हे सरळ विचारायला लोक कचरतात. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. पोलिसांच्या भीतीने कुणी दवाखाना टाळू नये म्हणून हेही सांगतो, २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

उदासीनतेवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नयेत, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नयेत. माझ्या वयाच्या मंडळींना आणखी एक सांगतो. विसरायला होतंय, कशात लक्ष लागत नाही, हे प्रत्येक वेळी म्हातारपणच असतं असं नाही. उदासीनतेतही तसंच होतं, आणि त्यावर उपचार आहेत. "आता या वयात काय" म्हणून घरच्यांनी सोडून देऊ नये.

आणि शेवट. समुपदेशन आयुष्यभर चालवायचं नसतं. चांगला समुपदेशक तुम्हाला स्वतःवाचून राहायला शिकवतो. नवव्या बैठकीत बाई म्हणाल्या, "आता महिन्याने या." अकराव्याला म्हणाल्या, "आता लागलं तर या." मी ते कपाट उघडलं. साड्या भाचीला आणि सुनेला दिल्या, एक ठेवली.

मंडळी, आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. आपण ते नियमाने करतो, खर्च सर्वसाधारण सभेत मंजूर करतो, आणि इंजिनिअर आला म्हणून कुणी म्हणत नाही की ही सोसायटी पडणार आहे! खांबाला दिलेली ही सवलत आपण खांबाआड राहणाऱ्या माणसाला का देऊ नये?

समितीला माझी एक छोटी विनंती आहे. तिन्ही लिफ्टमध्ये आपण एक कागद लावलेला आहे. त्यावर अग्निशमन दल, रुग्णवाहिका, पोलीस, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि लिफ्टवाला यांचे नंबर आहेत. त्यात आणखी एक ओळ घाला: 'मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मोफत, २४ तास'. ठराव लागत नाही, खर्च शून्य. लिफ्टमध्ये एकट्याने वर जाताना ज्याला वाचायचं आहे तो वाचेल, आणि कुणाला काही विचारावं लागणार नाही.